कॅप्टन सपाट्याचा सुजलेला गाल

घाऊक खेळणी विकणारा व्यापारी दुकानात शिरला तो नेहमीसारखा धापा टाकतच. बाजारात त्याला सगळे घाईघाई म्हणत. या नावाचा त्याला राग येत नसे, कारण राग यायचा म्हटलं तरी माणसाला दोन मिनिटं निवांत बसावं लागतं.

दुकान म्हणजे एकच लांबोळकी खोली. पुढच्या भागात काचेच्या टेबलामागे घड्याळजी बसत, डाव्या डोळ्यात भिंग अडकवून, लोकांची बंद पडलेली घड्याळं उघडून. मध्ये एक पडदा. पडद्यामागे त्यांची बायको रबराची खेळणी ओतायची. अख्खी गल्ली तिला साचेवाली म्हणून ओळखायची. आधी मातीचा नमुना घडवायचा, त्यावरून प्लास्टरचा दोन तुकड्यांचा साचा काढायचा, साच्यात पातळ रबर ओतायचं, कडेला जाडसर साय धरली की उरलेलं परत बादलीत उलटायचं, आणि आत पोकळ राहिलेलं खेळणं वाळलं की अलगद सोलून काढायचं. वीस वर्षं ती हेच करत होती. बदकं, अस्वलं, पोलीस, डॉक्टर. आणि दरवर्षी गाजलेल्या सिनेमातले एक-दोन वीर, ज्यांचं चित्र घाईघाई कुठून तरी आणून देई. आपण चोरी करतो असं तिला कधी वाटलं नाही. शिंपी नाही का फोटोत बघून सदरा शिवून देत, तसंच हे, असं ती म्हणे. तिचा अभिमान एकच होता: दाखवलं तसं हुबेहूब करून द्यायचं.

या वेळी घाईघाईने खिशातून एका पोस्टरची घडी काढली. ‘कॅप्टन झपाटा’ नावाचा सिनेमा पंधरा दिवसांत लागणार होता आणि त्याला पाचशे बाहुले हवे होते. पोस्टर त्याने बसथांब्याच्या भिंतीवरून स्वतःच्या हाताने ओढून काढलं होतं, आणि ओढताना हनुवटीच्या वरचा भाग भिंतीलाच चिकटून राहिला होता. उरलेला कॅप्टन उन्हाने फिकुटला होता. छातीवर काहीतरी चिन्ह होतं, पण घडी नेमकी त्यावरूनच गेली होती.

साचेवालीने चेहऱ्याचं विचारलं तेव्हा घाईघाईचा एक पाय पायरीवर होता.

“चेहरा काय, पुरुषासारखा पुरुष,” तो म्हणाला. “जगाची सगळी काळजी आपल्याच डोक्यावर आहे असा.”

आणि तो गेला.

अंगाची तिला चिंता नव्हती. फळीवर रबराचा जुना डॉक्टर होता, खांदे रुंद, छाती पुढे. त्याचं डोकं उडवलं की कॅप्टनचं काम होणार होतं. उजव्या हातातली बॅग तेवढी कापायची. ती कापली, पण बॅगेची कडी बोटांत अशी रुतलेली होती की निघता निघेना. शेवटी तिने कडीसकट हातावर मातीचा गोळा थापला आणि त्याची मूठ केली. मूठ डाव्या हाताच्या तिप्पट झाली. वीराच्या अंगात बळ असणारच, म्हणून तिने ती तशीच ठेवली. छातीवरचं चिन्ह भिंगाखाली धरून बघितलं. एक दांडा होता आणि टोकाला वाटोळं काहीतरी. चमचा असावा असं तिला वाटलं. कॅप्टनच्या छातीवर चमचा का, हा प्रश्न तिलाही पडला, पण सिनेमावाल्यांच्या डोक्यात काय असेल कोण सांगणार.

राहिला चेहरा. तिने मातीचा गोळा पुढ्यात घेतला आणि पुरुषासारखा पुरुष डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. पोलीस आला, डॉक्टर आला, जगाची काळजी असणारा कुणी येईना. तेवढ्यात पडद्यापलीकडून कण्हण्याचा आवाज आला.

घड्याळजींना वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी अक्कलदाढ येत होती. पाच दिवस उजवा गाल टरटरून सुजला होता. बायको म्हणाली होती, उशिरा का होईना, येतेय हे काय कमी. पण डॉक्टरकडे चला. दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की घड्याळजींचे हातपाय गार पडत. सूज आपोआप बसेल, असं ते पाच दिवस सांगत होते आणि बसली नव्हती. त्या दुपारी त्यांना घड्याळ उघडणंही जमेना.

“अहो,” तिने पडदा सारून हाक मारली, “तसेही बसूनच आहात, तर इकडे तोंड करून बसा. आणि हलू नका.”

ते स्टुलावर येऊन बसले. ती बघत होती आणि बोटं माती दाबत होती. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण एवढा वेळ तिने त्यांचं तोंड कधी न्याहाळलं नव्हतं. भिंग काढलं तरी डावा डोळा बारीकच राहत होता, हे तिला आज दिसलं. कपाळावर मधोमध एकच खोल आठी होती, पेचकसाने ओढल्यासारखी. घड्याळजी दुखण्याने हैराण होते, पण उठले नाहीत. पुढे कितीदा तरी त्यांनी बहिणीला सांगितलं की त्या दुपारी दाढेत आग पेटली होती आणि तरी बसून राहावंसं वाटत होतं.

तिने दिसलं ते सगळं केलं. बारीक डोळा केला, आठी केली, गालही केला. गाल सुजलेला आहे हे तिच्या ध्यानातच आलं नाही. पाच दिवस बघून बघून तिला तो तसाच वाटायला लागला होता.

रंगवायचं काम नणंदेचं. त्या चार गल्ल्या पलीकडे राहत आणि दुपारी ब्रश घेऊन येत. पहिला बाहुला हातात घेऊन त्यांनी तो उजेडाकडे फिरवून बघितला.

“वहिनी, हा दादा आहे,” त्या म्हणाल्या.

“वन्सं, तो कॅप्टन आहे.”

“मग कॅप्टनला डॉक्टरकडे न्या.”

पण वेळ कुणाला होता. आठ साचे काढून रोज चाळीसेक नग निघत होते. पाठीवर झूल हवी होती, तर जुन्या छत्र्यांचं काळं कापड कापून लावलं. पाकिटं छापणाऱ्याने नाव वाचून मान हलवली. उद्या सिनेमाच्या कंपनीवाले आले तर त्याच्या नावाने बोंब नको, म्हणून त्याने एक अक्षर बदललं. अशा रीतीने कॅप्टन सपाटा जन्माला आला: काळी झूल, छातीवर चमचा, कलिंगडाएवढी मूठ, आणि सगळं सहन करून गप्प बसलेल्या माणसाचं तोंड.

सिनेमा तुफान चालला. सपाटा चालला नाही. आईबाप पाकीट हातात घेत, मुलं एकदा आत बघत आणि दुसरं काहीतरी मागत. एका मुलीने दुकानदाराला विचारलं की हा वाचवायला आलाय की याला वाचवायचंय. दोन आठवड्यांनी घाईघाई चार पोती परत घेऊन आला आणि पोती उतरवता उतरवताच बोलून मोकळा झाला. असा कॅप्टन असता तर शहर पहिल्याच दिवशी बुडालं असतं, एवढंच त्यातलं सभ्य वाक्य होतं.

ते साचेवालीच्या फार जिव्हारी लागलं. तिने नणंदेला बरोबर घेऊन सिनेमाचं तिकीट काढलं. पडद्यावर कॅप्टन झपाटा आला आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. त्याचा चेहरा उकडून सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत होता. झूल सोनेरी होती. चमचा नव्हता, वीज होती. वन्सं शेजारी बसून तोंडात पदर कोंबून हसत होत्या. साचेवाली मात्र सिनेमा संपेपर्यंत त्या माणसाच्या जबड्याची मापं घेत होती.

घरी आल्यावर तिने आठ दिवस दुसरं काम घेतलं नाही. नवा नमुना घडवला. जबडा, नाक, वीज, सोनेरी झूल, दोन्ही मुठी सारख्या. त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. तो तिने फळीवर पुढे मांडला आणि सपाट्याची पोती बाकाखाली ढकलली.

अशात एक दिवस जाड चष्म्याचा एक माणूस दुकानात आला. त्याच्या हातात मऊ कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. घड्याळजींना वाटलं किमती घड्याळ आहे, म्हणून त्यांनी टेबलावर रुमाल पसरला. कापडातून सपाटा निघाला. चष्मेवाल्याने आधी सपाट्याकडे बघितलं, मग घड्याळजींकडे, आणि मग तो खुर्चीवर बसलाच.

तो विचित्र नकली खेळणी जमवत असे. त्याच्याकडे तीन हातांचा अंतराळवीर होता, बोकडाच्या अंगावर बसवलेला जादूगार होता, आणि जगभर त्याच्यासारखे आणखी शेकडो लोक होते, ते एकमेकांना फोटो पाठवत आणि जळत. सपाट्यासारखं मात्र त्यांच्यापैकी कुणी काही बघितलेलं नव्हतं. त्याला कलावंताला भेटायचं होतं. कलावंत म्हणजे आपण, हे साचेवालीला कळायला थोडा वेळ लागला. मग तिने हात पुसले, पदर सारखा केला आणि फळीवरचा नवा, बिनचूक कॅप्टन त्याच्यापुढे ठेवला.

चष्मेवाल्याने तो उचललाही नाही. चहात माशी पडावी तसा त्याचा चेहरा झाला.

“इथे तुम्ही घाबरलात,” तो हळहळून म्हणाला.

बाकाखालची चारही पोती त्याने नेली. जाताना त्याने वहीत बरंच टिपून घेतलं. मूठ म्हणजे कष्टकऱ्याचा हात, असं तो म्हणाला. साचेवालीने सांगितलं की आत बॅगेची कडी आहे. चमचा म्हणजे भूक. तिने सांगितलं की पोस्टरला घडी पडली होती. काळी झूल म्हणजे शोक. तिने छत्रीच दाखवली. शेवटी तो गालावर आला. न बोललेलं सत्य माणूस तोंडात धरून ठेवतो, तेव्हा गाल असा फुगतो, असं त्याचं मत होतं.

“दाढ दुखत होती यांची,” ती म्हणाली.

अतिशय आदराने मान हलवून चष्मेवाल्याने वहीत तेही लिहिलं: दाढ, आणि पुढे कंसात, रूपक.

तीन महिन्यांत सपाटा काचेच्या पेटीत गेला. शहरातल्या मोठ्या दालनात प्रदर्शन भरलं. साचेवाली, घड्याळजी आणि वन्सं ठेवणीतले कपडे घालून गेले. पेटीशेजारी भलामोठा मजकूर टांगला होता. तो वन्संनी मोठ्याने वाचला आणि आपल्या वहिनीने एवढं सगळं कधी केलं म्हणून त्या थक्क झाल्या. लोक रांगेने येत, मान वाकडी करून बघत आणि गंभीर होऊन पुढे सरकत. घड्याळजी पेटीजवळ उभे राहिले तेव्हा रांग खोळंबली. लोक काचेत बघत, बाहेर बघत, पुन्हा काचेत बघत. एका बाईंनी त्यांना विचारलं की तुम्ही कलाकृतीचा भाग आहात का. घड्याळजी म्हणाले, घड्याळं दुरुस्त करतो. त्या बाई हे उत्तर मैत्रिणीला सांगायला धावत गेल्या. शेवटी रखवालदाराने येऊन घड्याळजींना पेटीपासून चार पावलं लांब उभं राहायला सांगितलं.

त्याच रांगेत कंपनीच्या वकीलबाईही होत्या. आठ दिवसांनी त्या दुकानात आल्या, नीट कडक कपड्यांत, हातात जाड फाइल. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की हा कॅप्टन कंपनीच्या मालकीचा आहे, तेव्हा साचे, रंग, उरलेला माल सगळं नष्ट करावं लागेल. साचेवालीने विचारलं की हा कुठल्या बाजूने तुमच्या कॅप्टनसारखा दिसतो. वकीलबाईंनी बाहुला उलटासुलटा केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं की प्रश्न दिसण्याचा नसून हेतूचा आहे. तिने सारखा करायचा प्रयत्न केला होता, एवढं पुरे होतं. म्हणजे जमलं असतं तरी गुन्हा आणि नाही जमलं तरी गुन्हाच, असं साचेवालीने विचारलं. वकीलबाई म्हणाल्या, साधारण तसंच.

पण ही बातमी चष्मेवाल्याने पेपरांत पोचवली. एवढी मोठी कंपनी एका बाईच्या चिमुकल्या कलेवर टाच आणते म्हणून लोक खवळले. ज्यांनी मुलांना सपाटा घेऊन दिला नव्हता तेच सपाट्याच्या बाजूने उभे राहिले. कॅप्टन झपाट्याच्या पुढच्या सिनेमावर बहिष्कार घालायची भाषा सुरू झाली. मग वकीलबाई पुन्हा आल्या, या वेळी फाइलवर फुलांचा गुच्छ ठेवून. कंपनीने खूप विचार केला होता. कंपनीला आता कॅप्टन सपाटा आवडू लागला होता. तो नष्ट करण्याऐवजी कंपनी स्वतःच्या कारखान्यात तो काढणार होती, लाखोंनी, डब्यावर ‘अस्सल नकली आवृत्ती’ असं छापून. साचेवालीने फक्त सही करायची होती.

करारात सगळं वेगवेगळं लिहिलेलं होतं: मूठ, चमचा, झूल, सपाटा हे नाव. त्या सगळ्यांवर तिने सही केली. रक्कम बरी होती आणि तिला त्या मुठीची तशीही लाजच वाटायची. शेवटचं कलम चेहऱ्याचं होतं, आणि चेहरा खऱ्या माणसाचा असल्याने तिथे घड्याळजींची सही लागणार होती.

घड्याळजींनी भिंग लावून ते पान तीनदा वाचलं. मग म्हणाले, सही करतो, पण डब्यावर छापा की दाढ दुखत होती.

वकीलबाईंना वाटलं ते गमतीत म्हणताहेत. ते गमतीत म्हणत नव्हते. वकीलबाईंनी ही मागणी वर कळवली. वर तीन बैठका झाल्या. उत्तर आलं की दुःख हे या पात्राचं बलस्थान आहे, ते कशाचं आहे हे सांगितलं तर ग्राहकाला ते आपलं वाटणार नाही. सबब दाढेचा उल्लेख करता येणार नाही.

“हे बघा बाई,” घड्याळजी म्हणाले, “ती कळ मी सोसली. पाच दिवस गोळी घेऊन सोसली. ती जगाचं दुःख म्हणून खपवायची असेल, तर माझी सही नाही.”

साचेवाली बघतच राहिली. बावीस वर्षांत या माणसाने भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा कधी ठामपणे सांगितलं नव्हतं.

कंपनीने वाट काढली. कारखान्यात सपाट्याचा डावा गाल सुजवण्यात आला आणि उजवा डोळा बारीक करण्यात आला. कायद्याच्या दृष्टीने तो आता घड्याळजी नव्हता, घड्याळजी आरशात दिसतात तसा कुणीतरी होता. साचेवालीला मानाने कारखाना दाखवायला नेलं होतं. पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं पट्ट्यावरून येणारा प्रत्येक सपाटा मापत होती. ज्याचा गाल पुरेसा सुजला नव्हता तो सदोष म्हणून बाजूला टाकत. ज्याची मूठ चुकून बेताची निघाली होती तो वितळवायला जात होता. तिथल्या मुख्य माणसाने तिला मोठ्या कौतुकाने सांगितलं की चूक आता एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक आली आहे. ती हो हो म्हणाली आणि घरी येऊन बराच वेळ बादलीतलं रबर ढवळत बसली. आपलं चुकलं होतं तेवढंच सगळ्यांना हवं होतं, असं तिने वन्संना सांगितलं. जे जमलं होतं ते फळीवर धूळ खात पडलं होतं, आणि त्याच्याकडे बघायलाही कुणी आलं नव्हतं.

चष्मेवाला आला तो संतापून. कंपनीचा सपाटा ही सपाट्याची भ्रष्ट नक्कल आहे, गाल चुकीचा आहे, खऱ्या नकलीची या लोकांना किंमत नाही, असं बरंच बोलला आणि तिने पुन्हा पहिल्यासारखे बाहुले ओतावेत म्हणून गळ घालू लागला. तिने कराराचं सांगितलं. आता तिने मूठ केली असती तर ती कंपनीच्या मुठीची नक्कल ठरली असती. तो निराश होऊन निघाला, तेव्हा घड्याळजी पुढच्या टेबलावर बसले होते. दाढ पुन्हा उसळली म्हणून आदल्याच आठवड्यात वन्संनी त्यांना दंडाला धरून दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. दाढ निघाली होती, गाल बसला होता, आणि रंगही चांगला उजळला होता. चष्मेवाल्याने त्यांना नीट निरखलं.

“पूर्वी तुमच्यात जास्त खोली होती,” तो म्हणाला आणि गेला.

त्यानंतर काही दिवस साचेवालीकडे कुणी चित्र घेऊन आलं नाही. नकली ओतणारी बाई म्हणून तिचं नाव एवढं झालं होतं की तिच्याकडून नक्कल करून घ्यायला सगळे घाबरत. हाताला काम हवं म्हणून तिने माती घेतली. या वेळी समोर पोस्टर नव्हतं आणि कुणाला स्टुलावर बसवलंही नाही. पडदा सारून ठेवला आणि येता-जाता बघत राहिली. स्टुलावर बसून टेबलाशी वाकलेला एक माणूस झाला. डोळ्यात भिंग, तळहातावर उघडं घड्याळ, आणि त्या घड्याळापलीकडे जग नाहीच अशी मान. तो करायला तिला दीड महिना लागला. त्याची बोटं सहा वेळा मोडली आणि सातव्यांदा लागली. वन्संनी तो रंगवला आणि या वेळी त्यांना हसू आलं नाही.

घाईघाईला तिने तो दाखवला तेव्हा त्याने पहिलाच प्रश्न विचारला की हा कुठल्या सिनेमातला. ती म्हणाली, कुठल्याच नाही. मग कशाचा डुप्लिकेट आहे, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, कशाचाच नाही. घाईघाई एवढा गोंधळला की चक्क टेकला.

“अहो, मग लोकांना कळणार कसं हा कोण ते?”

“घड्याळ दुरुस्त करणारा माणूस आहे,” ती म्हणाली. “दिसतंय की.”

जुन्या ओळखीखातर त्याने पन्नास नेले. दोन आठवड्यांत पन्नासही संपले, तेव्हा ती हरखून गेली. घाईघाई आणखी शंभर घ्यायला आला, आणि त्याच दिवशी वकीलबाईही दारात उभ्या राहिल्या. त्यांनी पर्समधून एक डबा काढून टेबलावर ठेवला. आत तिचाच घड्याळवाला होता. डब्यावर चकचकीत चिठ्ठी चिकटवली होती: ‘कॅप्टन झपाट्याचे वडील’.

साचेवालीने घाईघाईकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. नुसता माणूस कोण घेतो, असं तो पुटपुटला. नातं लावलं तेव्हा कुठे गिऱ्हाइकं थांबली.

वकीलबाईंनी कंपनीच्या नोंदी तपासल्या होत्या. कॅप्टन लहानपणीच पोरका झाला होता. त्याचे वडील कुठल्याही सिनेमात, पुस्तकात की जाहिरातीत दिसले नव्हते, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कंपनीचा हक्क सांगता येत नव्हता. फक्त चिठ्ठी काढावी लागेल. साचेवाली म्हणाली, काढायला लावायची गरजच नाही, ती स्वतःच काढणार होती. तिने घाईघाईला सांगितलं की माल हवा असेल तर बिनचिठ्ठीचा न्यायचा, नाहीतर इथेच ठेवायचा. त्याने हिशेब केल्यासारखा चेहरा केला आणि शंभराऐवजी वीस नेले.

तो गेला. वकीलबाई मात्र लगेच उठल्या नाहीत. वर्षभर त्यांनी एवढी नकली खेळणी उलटीपालटी केली होती की डोळे आपोआप जोड शोधायचे, साच्याचे दोन तुकडे भेटतात तिथली रेघ. त्यांनी घड्याळवाला खिडकीच्या उजेडात धरला. मानेवर बघितलं, काखेत बघितलं, टाचेखाली बघितलं.

“जोड कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

साचेवालीने त्यांचा हात धरून बोट बाहुल्याच्या कॉलरखालून, बाहीच्या शिवणीवरून, स्टुलाच्या पायाच्या मागच्या कडेने फिरवलं. रेघ सगळीकडे कपड्यांच्या दुमडीत दडवलेली होती. वकीलबाईंनी तेच बोट दुसऱ्यांदा स्वतः फिरवून बघितलं.

“छान केलंय,” त्या म्हणाल्या. “फार छान केलंय.”

सबंध वर्षात साचेवालीबद्दल पेपरांत छापून आलं होतं, दालनात मजकूर टांगला होता, कारखान्यात टाळ्या पडल्या होत्या. पण तिने मनापासून, ठरवून, जसं हवं होतं तसं केलेल्या गोष्टीला कुणी छान म्हटल्याची ही पहिलीच वेळ होती. तिने बाहुला साध्या कागदात गुंडाळला, दोरी बांधली, आणि वकीलबाईंकडून पूर्ण किंमत घेतली.